वाफेचा आकडा

दवाखान्याचा फोन आला तेव्हा मी मनोऱ्यावर होतो. खाली मापन केंद्राचे साहेब टोपी हातात धरून उभे होते. ते कधी टोपी काढत नाहीत. मी उतरायच्या आधीच मला समजलं.

सकाळीच बायको दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती, "अहो, दुकानात दुरुस्तीला दिलेला चष्मा आणा माझा. समोरचं घड्याळही दिसत नाहीये."

मनोऱ्यावरचं यंत्र रानाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मोजतं. मी ते चढवायचो, उतरवायचो. आकडे जुळवायची ती. ती गेल्यावर वाफेचा आकडा भरकटला.

"कंपनीकडे पाठवू," साहेब म्हणाले.

पाठवलं की सबंध हंगाम हातचा गेला. तिनं एकही हंगाम कोरा जाऊ दिला नव्हता.

"मी जुळवतो."

"तुम्हाला जमेल?"

"तिच्या शेजारी उभं राहून बोलणी खाल्लीत, साहेब. त्यात थोडं शिकलोय."

"बरं. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर पेटी बांधायची."

दुसऱ्या दिवशी मुलगी सोबत आली. यंत्र खाली उतरवलं, त्यावर नळी जोडलेलं टोपण चढवून आधी नायट्रोजन सोडला. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ दोन्ही नसतात, म्हणून दोन्ही आकडे शून्यावर आणले. मग ठरलेल्या मापाचा कार्बन डायऑक्साइड. तो लगेच जुळला. मग ठरलेल्या ओलाव्याची हवा. आकडा थांबल्यासारखा वाटला, मी बटण दाबलं. चहा होईस्तोवर तो पुढे सरकला.

"झाली घाई!" मुलगी म्हणाली. "बाबा, वाफ आधी नळीला चिकटते. नळीचं पोट भरल्याशिवाय आकडा खरा नसतो. आई केवढी ओरडायची तुमच्यावर!"

"तुला बरं आठवतं."

"अख्ख्या वसाहतीला आठवतं."

पुन्हा शून्यापासून सगळं केलं. या वेळी वाफेपाशी आल्यावर मी हात मांडीखाली दाबून बसलो. बायको मला तसंच बसवायची. आकडा रखडत चढला, थबकला, पुन्हा चढला. मग हलेना. तरी आम्ही बसून राहिलो. मग मुलगी म्हणाली, "आता." मी बटण दाबलं. नायट्रोजन सोडून पाहिला, दोन्ही शून्य. ओली हवा पुन्हा दिली, आकडा बरोबर जागेवर.

टोपण काढलं. शेवटी बायको यंत्रावर फुंकर घालायची. माणसाच्या श्वासात दोन्ही असतात. मुलीनं फुंकर घातली. दोन्ही आकडे टुणकन वर गेले आणि शहाण्यासारखे खाली आले.

"जमलं, बाबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की साहेब धावत आले. त्यांनी आकडे पाहिले, माझी पाठ थोपटली आणि रिकामी पेटी पायानं बाजूला सारली.

उजेड होता तोवर मी यंत्र वर चढवलं.

"आकडे आले! दोन्ही आले!" खालून साहेबांनी टोपी हलवली. मीही वरून हात हलवला. रानावर वारा सुटला होता. तिचा हंगाम सुरू झाला होता.

मनोऱ्यावरून बाजाराची गल्ली दिसते. चष्मा अजून दुकानातच आहे. आणायचा राहिलाय.