शेंदरी स्कार्फ

खोटं बोललो तर जीभ झडो. मोताळ्याच्या बसस्टँडवर हे सारं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता त्या दिवशी मी मलकापुरात होतो हेही खरं, पण डोळे थोडेच कायम माणसासोबत राहतात!

सुचिता अकरावीला, रोज गावाहून एसटीनं येणारी. हर्षल बारावीला, मोटारसायकलवाला. आठवडी बाजारातून त्यानं तिला शेंदरी स्कार्फ आणून दिला तेव्हा मैत्रिणींनी चिडवलं आणि तीही लाजली. उन्हात सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, पण हा रंग असा की पार फाट्यावरून ओळखू यावा, आणि त्यानं तो त्याचसाठी घेतला होता, हे तिला उशिरा उमगलं. मग तिच्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे गेला, वर्गातल्या पोरांशी बोलणं बंद झालं, पुढे मैत्रिणींशीही. एकदा ती स्कार्फ न बांधता आली, तर त्यानं तिचं मनगट पिरगाळलं आणि पेटत्या सिगारेटनं स्कार्फच्या कोपऱ्याला भोक पाडलं.

"पुढच्या टाइमाले हे भोक कापडाले नसन," तो हसत म्हणाला.

घरी सांगावं तर बाबा आधी कॉलेज बंद करणार आणि मग स्थळं पाहणार. म्हणून ती ते भोक गाठीत दडवून बांधत राहिली.

एके सकाळी बसमध्ये पुढच्या सीटवर एक बाई बसलेली, तोंडाला तसाच शेंदरी स्कार्फ. सुचिताला गंमत वाटली. मग नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे भोक होतं, कडा तशाच काळ्या. दुसऱ्या दिवशी तशा दोघी होत्या. मग रसवंतीपाशी एक, झेरॉक्सच्या दुकानात एक. सुचिताकडे पाहणारे त्यांचे डोळे फार जुन्या ओळखीचे होते.

हर्षललाही त्या दिसत असाव्यात, कारण तो भलत्याच बायांमागे गाडी नेऊ लागला आणि फोनवर ओरडू लागला, "तू एकाच टाइमाले दोन ठिकाणी काऊन दिसून राह्यली?"

"तूच पाह्य," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच फोन तिनं आधी ठेवला.

शनिवारी ती उघड्या तोंडानं स्टँडवर उतरली, स्कार्फ हातात. हर्षल तरातरा आला.

"बांध."

"नाही बांधत."

"तुले सांगून राह्यलो ना?"

"मी बी तुलेच सांगून राह्यली. हे घे तुह्यं." तिनं स्कार्फ त्याच्या गाडीच्या हँडलला बांधला, चांगली गच्च गाठ मारून.

त्यानं हात उगारला. तेवढ्यात पुढची बस लागली. दारातून शेंदरी स्कार्फवाली एक उतरली, मग दुसरी, मग तिसरी. कॉलेजच्या पोरी, नोकरीवाल्या, लुगड्यातल्या म्हाताऱ्या. त्याचा हात वरच राहिला. सगळ्यांत शेवटी उतरली तिनं त्याच्यापुढे येऊन आपल्या तोंडावरच्या स्कार्फची गाठ सोडली. ती वंदनाबाई, हर्षलची आई. जन्मभर पदराआड ठेवलेल्या गालावर गोल, काळा डाग होता.

"हात खाली घे बे," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाचा बी असाच वर राह्यत होता."

सुचिता त्या दोघांच्या मधून ताठ मानेनं कॉलेजकडे निघाली. पहिला तास चुकवायचा नव्हता तिला.

आता तुम्ही विचाराल, यात खोटं किती? एकच. वंदनाबाई शेवटी उतरल्या हे मी गोष्टीला शेवट हवा म्हणून रचलं. बाया अजून उतरूनच राह्यल्या आहेत, बस काही रिकामी होत नाही.