डोन्सेलेस रस्त्यावर बसलेला बाळदेव

साकात्लान गावाहून निघताना आळीतल्या वडीलधाऱ्या दोन्या तोमासाने बाळदेव ओब्दुलियाच्या हाती दिला आणि एवढंच म्हणाली, "पिशवीत घालू नकोस हं. लेकरू आहे ते."

लाकडी बाळदेव, म्हणजे बाळ येशूची मूर्ती. मांडी घालून बसलेला, एक हात आशीर्वादाला उचललेला. तोमासाच्या आजीच्या सासरहून आलेला. यंदा जानेवारीच्या सणाच्या गोड पावात लपवलेली चिमुकली बाहुली ओब्दुलियाच्या तुकड्यात निघाली, म्हणून रिवाजाप्रमाणे बाळदेवाची धर्ममाय ती झाली. दोन फेब्रुवारीला त्याला नवे कपडे घालायचे, देवळात न्यायचं, आळीला मक्याच्या पानांत वाफवलेले तमाल खाऊ घालायचे. परक्याचं लेकरू सांभाळायचं म्हणजे जळता निखारा पदरात बांधायचा, असं तिला बसमध्येच वाटत होतं.

मेक्सिको शहराचा तिला धाक. पण झगमगीत दुकानांत आपला निभाव लागायचा नाही, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. ती थेट तालावेरा गल्लीत गेली. तिथे दुकानादुकानांत बाळदेवांचे झगे टांगलेले.

"मावशी, डॉक्टरबाळाचा घ्या. पांढराशुभ्र, गळ्यात नळी पण आहे," दुकानदारीण म्हणाली.

"एवढी किंमत? माझ्या लग्नाचा झगा स्वस्त होता गं!"

"नवरा पण तेव्हा स्वस्तच मिळाला असेल!"

दोघी हसल्या आणि भाव उतरला. झग्याचं खोकं पिशवीत गेलं. बाळदेव शालीत, शाल छातीशी.

आता लेकीचं पुस्तक. युरिदिया पुएब्ला शहरात परिचारिकेचं शिकत होती. शरीराच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक तिला हवं होतं, नवं परवडणारं नव्हतं. "डोन्सेलेस रस्त्यावर जा आई," ती म्हणाली होती, "जुन्या पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून आहेत."

होती खरी. बाहेरून दारं अरुंद, आत बोगद्यासारखी लांब. छतापर्यंत पिवळी पानं आणि जुन्या कागदाचा ओलसर वास. एकातून निघून दुसऱ्यात शिरलं तरी पहिल्यातच परतल्यासारखं वाटे. प्रत्येक दारात तेच बोलणं.

"पिशवी इथे ठेवा, बाई. आणि हा?"

"हा माझ्यासोबत येईल."

"येऊ दे. पण त्यानं पुस्तक ढापलं तर तुम्हाला धरीन!"

फिरता फिरता एका दुकानात, अगदी आतल्या टोकाला, वरच्या फळीवर ते पुस्तक दिसलं. उतरवायला दोन्ही हात लागणार. बसलेल्या बाळदेवाला आडवं कसं निजवायचं? तिने त्याला शालीतून काढून खालच्या फळीवर, दोन शब्दकोशांच्या मध्ये टेकवून बसवलं. "हलू नको हं राजा." पुस्तक खाली आलं ते जड, बांधणी सुटलेलं. पानं गळतील म्हणून तिने ते शालीत गुंडाळलं आणि सवयीने छातीशी धरलं. पैसे दिले, पिशवी घेतली, बाहेर पडली. हातांना ओझं होतं, आणि हात निर्धास्त होते.

कोपऱ्यावर आतोले, मक्याच्या पिठाचं गरम पेय, विकणारी बाई म्हणाली, "आई, बाळदेवाचं मुख दाखवा की. हात जोडते."

ओब्दुलियाने शाल सारली.

शालीतून एक सोललेला चेहरा तिच्याकडे बघत होता. लाल शिरा, उघडे दात, पापण्यांवाचून डोळे. पुस्तकाचं पहिलं पान.

आतोलेवालीने दचकून छातीवर क्रुसाची खूण केली. ओब्दुलियाने घाईघाईने शाल झाकली. तिचे पाय मागे वळले होते, जीव मात्र तिथेच कोपऱ्यावर उभा राहिला होता.

कुठलं दुकान? नाव वाचलं नव्हतं. पावती नव्हती. ऊन भिंतींवरून वर सरकत होतं आणि रस्त्यावर लोखंडी दारं उतरू लागली होती. खड्‌खड्‌खड्‌. एक उतरलं की ती तिकडे वळे. याच दाराआड असेल तर? अंधारात, एकटा, बसलेला? आणि कुणी उचलून नेला असेल तर? तोमासाच्या दारात रिकाम्या हातांनी कशी उभी राहू? उद्या आळीतल्या बाया रस्ता बदलतील.

"दादा, बाळदेव... तुमच्याकडे विसरला का?"

"नाही, बाई."

"आत, शेवटच्या फळीवर—"

"बंद झालं. उद्या या."

पुढच्या दुकानात तिने विचारलंही नाही, सरळ आत धावली. फळी होती, शब्दकोश नव्हते. त्याच्या पुढच्याचं दार कमरेपर्यंत उतरलं होतं. ती वाकून आत शिरली.

गल्ल्यावर बाळदेव बसला होता. पुढ्यात कुणी दोन गोळ्या आणि एक लाकडी भोवरा ठेवला होता. शेजारी मालकीण, पांढऱ्या केसांची दोन्या क्लोतिल्दे. तिने त्याच्या खांद्यांवर स्वतःचा रुमाल घातला होता.

"माझा आहे तो!" ओब्दुलियाला धाप लागली.

"तुझा?" क्लोतिल्देने हात बाळदेवाच्या पाठीवर ठेवला. "टाकून गेलीस, तरी तुझा? बोलावल्याशिवाय आलेलं लेकरू ज्या घरी येतं त्या घरचं, असं आमच्यात म्हणतात. मी तर झग्याचं मापही घेतलं."

"माझा नाही," ओब्दुलियाच्या तोंडून निघालं. "दोन्या तोमासाचा आहे. मी नुसती धर्ममाय. तुम्ही ठेवून घेतलात तर मी कुठं जाऊ, आई?"

म्हातारीने तिला निरखलं. "घरात त्याला निजवतात ना? मग म्हण, कोणतं गाणं म्हणून निजवतात."

ओब्दुलियाने ओठ उघडले. आवाज सुतासारखा निघाला.

"धुकं उतरलं वनात,
ऊब राहिली तनात,
बाळ राजा माझ्या मनात—"

आणि चौथी ओळ गेली. शेकडो वेळा ऐकलेली ओळ. ती आठवत राहिली, आणि लोखंडी दार वाऱ्याने थरथरत राहिलं.

"पुढे?"

"नाही येत. देवाशप्पथ, नाही येत." ती रडू लागली.

क्लोतिल्देने रुमाल काढला. "खोटारडीनं काहीतरी जोडून शेवटपर्यंत म्हटलं असतं. घे. पण तोमासाला हे सारं तू सांगायचंस. मी नाही जाणार सांगायला, आणि तो तर बोलत नाही."

ओब्दुलियाने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि बाळदेव शालीत घेतला. बाहेर येईपर्यंत तिने तीनदा शाल उघडून बघितली.

बसमध्ये शेजारची बाई मायेने म्हणाली, "दमला असाल, द्या की घटकाभर, मी धरते."

"नको!" ओब्दुलिया एवढ्यांदा म्हणाली की पुढचे चार जण मागे वळले. आणि तोमासाला काय सांगायचं याचे शब्द जुळवत, ती खिडकीबाहेरच्या काळोखाकडे न बघता बसून राहिली.