चार बोटं लांब

"एवढी ढिली तार! मधोमध गेली की हिचे पाय नाल्यात बुडतील," पितांबरनाना, माझे थोरले दीर, पुटपुटले. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना नाल्यापलीकडच्या केळीत जाता यावं म्हणून नानांनी दोन महिने खपून तारेवर खुर्ची टांगली होती. झोल जावा म्हणून ते तार ताणतच होते. खांबाच्या शेंड्याला जाऊबाईंनी बांधवलेली लिंबू-मिरची सकाळी खांबाला टेकलेली होती. आता ती खांबापासून चार बोटं लांब लोंबत होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"बसा, राणीसाहेब!" नाना म्हणाले.

जाऊबाईंनी वर पाहिलं. "तार ढिली करा. पाय भिजनात तरी चाली, पन तुमना खांब आधीच वाकेल शे."