नाव घेतल्याशिवाय हौशा हलत नाही

दौलतची फिटन त्या दिवसानंतर कल्याणात एकाही वरातीला लागली नाही. म्हणजे, असं काही झालंच नाही. गाडी आहे तिथे आहे, घोडा धडधाकट आहे, आणि तिला कुणी ओळखलं वगैरे सगळ्या पारावरच्या गप्पा. तेव्हा जे झालं नाही ते सांगतो.

आमच्या शेजारचे पेन्शनर श्रीपादपंत वारले. जाण्यापूर्वी बायकोला, गोदाकाकूंना, बजावून गेले, "मला खांद्यावर नेऊ नका. हिंदकळलं की पोटात ढवळतं." मेल्यावर ढवळतं का, हे विचारायची सोय आता उरली नव्हती. ठाण्यात त्यांनी साहेबलोकांच्या मयताची काळी गाडी पाहिलेली. जायचं तर तसं, हे त्यांनी मनात धरलेलं.

काकूंनी मला दौलतकडे पाठवलं. त्याच्याकडे एकच फिटन, कुणा साहेबाने विलायतेला परतताना विकलेली. लाल मखमल, पितळी दिवे. निम्म्या कल्याणच्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी गेलेल्या.

"देतो," दौलत म्हणाला, "पण कुणाला ओळखू येता कामा नये. गुरुवारी विश्रामरावांच्या मुलीची वरात आहे. हिच्यातनं मयत नेलं असं कळलं, तर पुन्हा कोण नवरी बसवील हिच्यात? मी उपाशी नि घोडाही उपाशी."

आम्ही बैठक काढून फळ्या ठोकल्या. मखमलीवर घोंगडी टाकली. खळीत काजळी कालवून गाडी काळी केली, मागाहून धुता यावी म्हणून. दिवे फडक्यात गुंडाळले. खुद्द साहेबाने ओळखली नसती. हौशाला, म्हणजे घोड्याला, मात्र कुणी काही सांगितलं नाही.

पंतांना गाडीत ठेवलं. दारात बायका जमल्या. दौलतने लगाम हलवला.

हौशा उभाच.

आमच्याकडे वरात दारोदार अडवतात. नवरीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मग घोड्याला गूळ, मग पुढे. इतक्या वराती ओढून हौशाचं पक्कं मत झालेलं, की दारात बायका दिसल्या म्हणजे नाव होईपर्यंत हलायचं नसतं.

"चल रे बाबा!" दौलतने चाबूक दाखवला. हौशाने गोदाकाकूंकडे बघितलं.

मागे उभे असलेले विश्रामराव घोडा निरखू लागले. दौलतला घाम फुटला. तो वाकून म्हणाला, "काकू, घ्या हो नाव. हळू घ्या."

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"खाडीला आली भरती, वाट गेली बुडून,
श्रीपादराव निघाले फिटनीतून, मला मागं सोडून."

हौशा निघाला. बायकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

शेजारच्या दारात हौशा परत थांबला. तिथे विश्रामरावांची बायको शेवंती उभी.

"अगंबाई, मी कुणाचं घेऊ?"

"माझं घे की!" मयतामागून चालणारे विश्रामराव ओरडले. "दुसरं कुणाचं घेणारेस? आणि दौलत, गुरुवारी तू येऊ नकोस. आम्ही पोरीला चालत नेऊ."

खाडीवरच्या स्मशानापर्यंत बरीच दारं होती. सगळ्या बायकांनी नावं घेतली.

सबब कल्याण व ठाणे येथील समस्त वधूपित्यांस कळविण्यात येते की, सदर फिटन ही सदर फिटन नव्हेच असे समजून ती पूर्ववत वरातीस लावण्यात यावी, व त्या दिवशी घेतलेल्या सर्व नावांचा गूळ हौशास विनाविलंब पोचता करावा, ही विनंती.