सुशीलाच्या हनुवटीखाली

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे. मडगावच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं, म्हणून रंगाने पिवळं आणि स्वभावाने जरा चिकट. मालवणच्या कॉस्मे मास्तरांच्या वडिलांनी मला आणलं. चर्चमधल्या कितीतरी लग्नांत मला वाहवा मिळाली. मग की-बोर्ड आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

मग सुशीला आली. वय सत्तेचाळीस, नवरा सुदेश, त्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. मुलगी आकांक्षा मास्तरांकडे की-बोर्ड शिकायची. ती पुण्याला गेली, तर तिच्या जागी आईच येऊन बसली.

कपाटावर माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "सर, माका ह्यां जमात?"

"जमतला गो," मास्तर म्हणाले. बायको गेल्यापासून ते एकटेच होते. त्यांनी मला खाली काढून पुसलं.

पहिले सहा महिने माझ्यातून नुसत्या किंकाळ्या निघाल्या. शेजारच्या मांजराने घर सोडलं. मग सूर लागला. मनगट सरळ करता करता मास्तरांचा हात तिच्या हातावर राहू लागला, आणि तिने तो काढला नाही. चुकीचं होतं का? होतं. पण इतक्या खुशीत मी कुणालाच पाहिलं नव्हतं. 'सर'चं 'कॉस्मे' झालं. निघताना मात्र ती रीतीप्रमाणे "येतंय" म्हणे. उंबऱ्यावर "जातंय" आमच्याकडे कुणी उच्चारत नाही.

एकदा कॉस्मे म्हणाले, "मडगावात जावन ऱ्हवाया. येतंस?"

आठवडाभर ती फिरकली नाही. आली तेव्हा तिने मला उचलून एक अख्खी धून न अडखळता वाजवली. मग म्हणाली, "कॉस्मे, माझो जीव तुझ्यार आसा, खोटा कित्याक सांगू? पण ह्या घरातसून त्या घरात जावन परत रांधूचाच ना? माका ह्यां वाजवणां मेळला. ताच माझां."

दोघंही रडली. कॉस्मेंनी मला पेटीत घालून तिच्या हाती दिलं. उंबऱ्यावर ती थांबली.

"जातंय," म्हणाली.

घरी तिने सुदेशपासून काही लपवलं नाही. चार दिवस तो दुकानातच जेवला. पाचव्या दिवशी दुकानातून एक पितळी हुक आणून त्याने मला टांगायला भिंतीत ठोकला. जरा जास्तच जोरात ठोकला.

आता रोज संध्याकाळी ती ओटीवर वाजवते. आतून सुदेशची हाक येते, "गो, चाय करतंस मां?"

"येतंय," ती म्हणते, आणि तारांवरचा गज खाली ठेवत नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, वाद्याला ओल लागू देऊ नका, तारा पुसत जा. आणि घरातलं कुणी वाजवत असेल, तर चहा आपला आपण करून घ्या. सुदेशला तो जमू लागलाय, साखर तेवढी जास्त पडते.