रथाला लावलेलं माझं चाक

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. साधी नाही, आगीच्या बंबाची चाकांची शिडी. परतूरच्या वाटेवरच्या एका बाजारगावात मी बारा वर्षं काम केलं.

मी सागवानी. माझी दोन लाकडी चाकं माणसाएवढी उंच होती. बंबाच्या पाठीवर मी आडवी असे आणि चाकं मागे लटकत. आग लागली की चौघं मला खाली उतरवत, ढकलत भिंतीपाशी नेत आणि दोर ओढून उंच करत. एका खिडकीतून दुसरीकडे जायचं तर वरच्या माणसाला खाली उतरावं लागत नसे. खालचे मलाच भिंतीलगत सरकवत.

माझी देखभाल बंबावरचा जवान कडूबा करायचा. चाकांना तेल देणं, दोर तपासणं, सारं तोच करी. एकाहत्तर साली सरकीच्या गोदामाला आग लागली, तेव्हा माझ्यावरून त्याने सात माणसं उतरवली. गावाने त्याच्या गळ्यात हार घातला. एक माझ्या पायरीलाही बांधला.

पुढे पालिकेचे अध्यक्ष रामराव यांचा सत्कार ठरला. मिरवणुकीच्या रथाला मोठं चाक हवं होतं. माझं उजवं चाक काढलं. परत आलं तेव्हा त्याच्या तीन आऱ्या मोडल्या होत्या.

कडूबा रामरावांकडे गेला. "साहेब, शिडी बिलकुल चालत न्हाई. चाक जल्दी दुरुस्त करा."

"आग कुठं लागून राह्यली का आत्ता? पाहू मंग," रामराव म्हणाले.

कडूबाने तीन अर्ज दिले. ते मोडकं चाक तसंच मला लावलेलं राहिलं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात, भर दुपारी कापसाच्या जिनिंग गिरणीतली रुई पेटली. वरच्या मजल्यावर सत्यशीला नावाची कामगार बाई अडकली होती. आम्ही पोचलो. चार पावलांतच माझं चाक फुटलं आणि मी कलंडले. कडूबाने माझ्याखाली खांदा घातला. मी उचलले गेले नाही. मागे धूर कोंडला, तशी सत्यशीलाने उडी टाकली. ती वाचली, पण दोन्ही पाय कायमचे गेले.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं, 'कडूबाचा हलगर्जीपणा.' त्याचे अर्ज कुणाला सापडले नाहीत.

सत्यशीलाला भावाने पाठुंगळी घेऊन पालिकेत आणलं. ती म्हणाली, "ह्यो माणूस चुकला न्हाई. चाक कुणी नेल्तं, ते लिव्हा की!"

कारकुनाने दौतीचं झाकण लावलं. कडूबाची नोकरी गेली. रामराव पुन्हा निवडून आले.

आता मी पालिकेच्या मागे उकिरड्याजवळ पडून आहे. माझ्यावर कपडे वाळतात. त्याचा मला राग नाही, मित्रांनो. राग त्या कागदाचा आहे.

तुमच्या गावात बंब असेल तर एकदा जा. त्याची शिडी ओढून पाहा. अडली, तर मोठ्यांना विचारा, का अडली? ते हसतील, हाकलतील. तरी आग लागण्याआधीच विचारा.