रिकाम्या पाठीवरचा ठोका

मित्रांनो, जरा उठता का माझ्यावरून? लोहार ऐरणीवर बसत नाही. मी एक जुनी ऐरण आहे, चिंचवडच्या लोहारखान्यातली.

चिमाजी मिस्त्रीनं मला इथं बाभळीच्या ओंडक्यावर बसवलं. त्याच्या हातात छोटी हातोडी, समोर ज्योतीराम घण घेऊन. चिमाजी तापल्या लोखंडावर हातोडी टेकवायचा, घण बरोबर तिथंच पडायचा. पुरे झालं की चिमाजी माझ्या रिकाम्या पाठीवर एक ठोका द्यायचा. टण्ण. घण थांबायचा. तोंड वाजवायचं कामच नाही.

मग देश स्वतंत्र झाल्यावर आठ-दहा वर्षांत इकडच्या माळावर कारखाने उठायला लागले. कामाची रीघ लागली. मालक अर्जुनराव म्हणाले, "मिस्त्री, आता घाईचा जमाना. तुम्ही फाटकावर बसा. मान तोच राहील."

"मान घेऊन फाटकावर काय करू, मालक?" चिमाजी म्हणाला, आणि फाटकावर राखणीला जाऊन बसला.

त्याच्या जागी सोपान आला. हात चपळ, पोरगा गुणी. पण त्या ठोक्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही. ज्योतीरामच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. सोपान आपला ओरडून थांबवायचा.

एके दिवशी शेजारी तेलाचं इंजिन धडधडत होतं. सोपानची सांडशी निसटली. "थांब," म्हणत त्यानं ती सावरायला हात पुढं केला. ज्योतीरामला ऐकू गेलं नाही. माझ्याच अंगावर त्या पोराची बोटं चेचली, मित्रांनो. ज्योतीराम डोकं धरून खाली बसला.

चिमाजी फाटकावरून धावत आला. आपलं मुंडासं फाडून त्यानं हात बांधला.

महिन्याभरानं सोपान परत कामावर आला, तेव्हा अर्जुनरावांनी चिमाजीला त्याचं काम बघायला आत बोलावलं. इंजिन चालूच होतं. चिमाजीनं हातोडी उचलली, माझ्या पाठीवर ठोका दिला. टण्ण. ज्योतीरामचा उचललेला घण आपसूक वरच थांबला.

"ऐकलंस न्हवं, सोपाना? येवढंच सांगायचं ऱ्हायलं हुतं."

"मग सांगितलं का नाही, मिस्त्री?" अर्जुनराव म्हणाले.

"इचारलं कुणी?"

"चुकलं आमचं. उद्यापासून आत या."

"एका ठोक्यापुरता उचलला, दिवसभर आता हात उचलत न्हाई, मालक. फाटकावर बसून बसून आखडला." हातोडी सोपानच्या हाती देऊन तो फाटकाकडे चालू लागला.

तो तिकडं, मी इकडं. मधे सगळं अंगण. सोपान ठोका देतो, तेव्हा मला ठाऊक असतं, फाटकावर एक म्हातारी मान वर होते.

मित्रांनो, कुणाला फाटकावर बसवायचंच असेल, तर आधी त्याच्याजवळ बसून घ्या. अजून काय सांगायचं राहिलंय, ते विचारा.